सामूहिक मार्गदर्शिकांना कोणता परवाना? यवतमाळकडून पाहताना

यवतमाळ जिल्ह्यात सॉफ्टवेअर कसे वापरायचे याची माहिती जाडजूड पुस्तकांतून फिरत नाही. ती व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या पीडीएफमधून, तालुक्याच्या गावी काढलेल्या झेरॉक्समधून आणि सेतू केंद्राच्या भिंतीवर चिकटवलेल्या कागदातून फिरते. २०२१ मध्ये ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली, तेव्हा नेरपासून झरी-जामणीपर्यंतच्या शेतकऱ्यांवर आपल्या पिकाची नोंद स्वतः मोबाइलवर करायची वेळ आली. आधी कुठले बटण दाबायचे, फोटो केव्हा काढायचा, गट क्रमांक सापडला नाही तर काय करायचे, असे प्रश्न शेकड्याने निघाले. अशा वेळी कुणीतरी चार ओळी मराठीत लिहितो, दुसरा त्यात भर घालतो, तिसरा अ‍ॅपची नवी आवृत्ती आली की त्या दुरुस्त करतो. शाळेच्या संगणक कक्षात उबुंटू बसवणारे गुरुजी, बचत गटाचा हिशेब लिबरऑफिसमध्ये मांडायला शिकवणाऱ्या ताई, क्यूजीआयएसवर पाणलोटाचे नकाशे करणारी महाविद्यालयातली मुले या सगळ्यांना लागणारा मजकूर याच पद्धतीने तयार होतो: थोडा थोडा, अनेकांच्या हातांनी आणि बहुतेकदा बिननावाने.

असा मजकूर सर्वांना मोकळा असावा, हे बहुतेकांना मान्य असते. पण कोणत्या परवान्याने मोकळा करायचा, यावर गेली पंचवीस वर्षे जगभर वाद झाले आणि त्यांतले धडे मराठीत फारसे पोहोचले नाहीत. प्रोग्रॅमला जीपीएल द्यावा की एमआयटी, यावर अभियांत्रिकीची मुले हिरिरीने बोलतात. त्याच प्रोग्रॅमची मार्गदर्शिका मात्र कुठलीच अट न नोंदवता लिहून टाकली जाते. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. मराठीत नव्याने लिहिल्या जाणाऱ्या सामूहिक मार्गदर्शिकेने पहिल्याच दिवशी क्रिएटिव्ह कॉमन्सचा बाय-एसए ४.० हा परवाना (श्रेय द्या, आणि बदललेली प्रतही त्याच अटींवर खुली ठेवा) घ्यावा, आतल्या कोडच्या उदाहरणांना हक्क सोडून देणारा सीसी झिरो लावावा, आणि 'अव्यावसायिक' व 'बदल नको' ही दोन कलमे कटाक्षाने टाळावीत. या मतावर येईपर्यंतची वाट थोडी लांब आहे.

सुरुवात कायद्यापासून करावी लागते. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यात नोंदणीची सक्ती नाही. मजकूर लिहिला की हक्क निर्माण झाला, आणि तो लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. लेखक अनेक असतील तर शेवटच्या लेखकाच्या मृत्यूपासून ही ६० वर्षे मोजतात. म्हणजे एखाद्या पीडीएफवर काहीच लिहिलेले नसेल तर कायद्याच्या भाषेत तिचे सर्व हक्क राखीव असतात. 'काही लिहिलेले नाही, म्हणजे घ्यायला हरकत नाही' हा समज व्हॉट्सअ‍ॅपने पक्का केला आहे, आणि तो चुकीचा आहे. नुसते पुढे पाठवण्यापर्यंत कुणी अडवत नाही. अडचण येते ती कुणाला त्या मजकुराचे पुस्तक करायचे असते, तो शाळेच्या संकेतस्थळावर टाकायचा असतो किंवा बंजारा समाजाच्या गोरमाटीत आणायचा असतो तेव्हा. विचारायचे कुणाला, हेच कळत नाही.

'मुक्तपणे शेअर करा' ही शेवटची ओळ आपल्याकडे फार आवडती आहे. तिच्यामागची भावना चांगली असली तरी कायद्यासमोर ती तोकडी पडते. कलम ३० प्रमाणे परवाना लेखी हवा. २०१२ च्या दुरुस्तीत त्यातली सहीची अट गेली, ही मुक्त परवान्यांच्या दृष्टीने फार मोलाची गोष्ट झाली. पण कलम ३०-अ परवान्यांनाही कलम १९ च्या तरतुदी आवश्यक त्या फेरफारांसह लागू करते, आणि कलम १९ सांगते की मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरावी आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरावा. ही तरतूद घरगुती परवानगीला नेमकी कशी लागू होईल यावर वकील वाद घालू शकतात, आणि असा वाद उभा राहणे हेच नुकसान आहे. शिवाय 'शेअर' करण्यात बदल करणे येते का, छापून विकणे येते का, हे त्या ओळीतून कळत नाही. तयार परवाने या जागा भरून ठेवतात. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या मजकुरात परवाना जगभरासाठी आणि कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी आहे, असे स्पष्ट लिहिलेले असते. आपल्या मनाने परवाना रचू नये, याचे एवढे कारण पुरेसे आहे.

दुसरी गोष्ट अनेकदा उशिरा लक्षात येते: भाषांतर करणाऱ्याला निवड जवळपास नसतेच. भाषांतर हे मूळ कृतीवर आधारलेले काम, त्यामुळे मुळाच्या अटी त्याच्याबरोबर येतात. ग्नोम या लिनक्स डेस्कटॉपची मदतपाने बाय-एसए ३.० खाली आहेत. लिबरऑफिसच्या मार्गदर्शिका जीपीएल ३ किंवा सीसी बाय ४.०, यांपैकी हवा तो घ्या अशा दुहेरी परवान्याने मिळतात. आर्च लिनक्सचा विकी आजही ग्नूच्या जीएफडीएल १.३ वर आहे, तर कुबरनेटीसचे डॉक्युमेंटेशन सीसी बाय ४.० वर. आर्चचे पान मराठीत आणले तर ते जीएफडीएलखालीच ठेवावे लागेल, तुम्हाला तो परवाना आवडो वा न आवडो. म्हणून भाषांतराला हात घालण्यापूर्वी मुळाचा परवाना वाचावा. दोन वेगळ्या उगमांचे उतारे एका मराठी पानात मिसळायचे असतील तर आधी त्या दोन परवान्यांचे जमते का, ते पाहावे.

मराठीतल्या अशा कामाचे सर्वांत भरीव उदाहरण आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे आहे. प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने आणि केंद्र सरकारच्या निधीतून उभ्या राहिलेल्या या प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअरवरचे साधारण दहा मिनिटांचे पाठ तयार होतात. शिक्षक जवळ नसताना, बाजूला पाठ चालू ठेवून विद्यार्थ्याने तसेच करून पाहावे, अशी त्यांची रचना असते. आधी लेखी संहिता बनते, नवशिक्याकडून ती तपासून घेतली जाते, मग ध्वनिमुद्रण होते, आणि त्याच चित्रफितीवर मराठीसह अनेक भारतीय भाषांचे आवाज चढतात. हे सगळे बाय-एसए खाली आहे. इथे परवाना शोभेपुरता नाही, कामाची पद्धतच त्याच्यावर उभी आहे. एकाने लिहिलेली संहिता दुसऱ्याने भाषांतरित करणे, तिसऱ्याने ती बोलणे आणि चौथ्याने तिची लेखी टिपणे काढून वर्गात वाटणे, यांतल्या प्रत्येक पायरीला परवानगी लागते आणि ती आधीच दिलेली असते. पांढरकवड्याच्या एखाद्या शिक्षिकेला लिबरऑफिस कॅल्कच्या मराठी पाठातून आपल्या वर्गापुरती चार पाने काढायची असतील तर मुंबईला पत्र लिहावे लागत नाही.

आता जीएफडीएलकडे वळू, कारण डॉक्युमेंटेशनसाठी खास लिहिलेल्या सुरुवातीच्या मोठ्या परवान्यांपैकी तो एक. रिचर्ड स्टॉलमन यांच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने मार्च २००० मध्ये त्याची १.१ ही आवृत्ती काढली. प्रोग्रॅम मुक्त आणि त्याचे पुस्तक मात्र बंदिस्त, ही विसंगती त्यांना मोडायची होती. मुक्त पुस्तक छापून प्रकाशकाला पैसेही मिळवता यावेत, ही सोय त्यांना हवी होती. त्यासाठी परवान्यात काही खास कलमे आली. पुढच्या मुखपृष्ठावर पाच शब्दांपर्यंत आणि मलपृष्ठावर पंचवीस शब्दांपर्यंतचा मजकूर लेखकाला कायम ठेवायला लावता येतो. पुस्तकातले काही भाग 'अपरिवर्तनीय' म्हणून जाहीर करता येतात आणि ते पुढच्या कुणालाही बदलता किंवा गाळता येत नाहीत. ईमॅक्स या संपादकाच्या मार्गदर्शिकेत ग्नूचा जाहीरनामा असाच कायमचा बसवलेला आहे.

डेबियन या लिनक्स वितरणाच्या स्वयंसेवकांना हे पटले नाही. जे बदलता येत नाही ते मुक्त कसे, हा त्यांचा साधा प्रश्न होता. मार्च २००६ मध्ये त्यांनी मतदान घेऊन ठरवले की अपरिवर्तनीय भाग नसलेला जीएफडीएल मजकूर डेबियनच्या निकषांत बसतो, असे भाग असलेला बसत नाही. त्यामुळे ईमॅक्ससारख्या मुक्त प्रोग्रॅमची मार्गदर्शिका डेबियनच्या 'नॉन-फ्री' विभागात गेली.

आपल्या बाजूने पाहिले तर जीएफडीएलची अडचण तत्त्वाची आहे, त्याहून जास्त कागदाची आहे. परवान्याचा संपूर्ण मजकूर प्रतीसोबत द्यावा लागतो, आणि तो अनेक पानांचा, क्लिष्ट इंग्रजीतला आहे. एका पानाची मराठी माहिती वाटायची तर तिच्यामागे कित्येक पाने इंग्रजी जोडायची. भाषांतराचे कलम तर आणखी अवघड. अपरिवर्तनीय भागांचे भाषांतर मुळाच्या जागी घालायला हक्कधारकाची वेगळी परवानगी लागते. ती नसेल तर भाषांतरासोबत मूळ इंग्रजी भागही ठेवावा लागतो. जाड छापील पुस्तक डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला हा परवाना झेरॉक्सच्या एका पानाला पेलत नाही. जिथे वाचकाकडे पुस्तकाऐवजी सुटे पान येते, तिथे तो न घेणेच बरे.

पण जीएफडीएलमधली एक कल्पना मला फार महत्त्वाची वाटते आणि ती परवाना सोडला तरी सोडू नये. ती म्हणजे 'पारदर्शक प्रत'. शंभरावर छापील प्रती वाटणाऱ्याने सोबत अशी प्रत द्यावी किंवा कुठे मिळेल ते सांगावे, जी साध्या संपादकात उघडून दुरुस्त करता येते. छापण्यापुरती बनवलेली पीडीएफ या व्याख्येत बसत नाही. हे कलम इंग्रजी लेखकापेक्षा मराठी लेखकाला जास्त लागू पडते. आपल्याकडचा कितीतरी तांत्रिक मजकूर आजही युनिकोडपूर्व फॉन्टांत आहे. डीटीपीच्या दुकानात पेजमेकरमध्ये, जुन्या फॉन्टात जुळवलेले पान कागदावर सुंदर मराठी दिसते, पण तोच मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गुंता हाती येतो. त्यात शब्द शोधता येत नाही, अंधांच्या वाचक-सॉफ्टवेअरला तो वाचता येत नाही, भाषांतराच्या कुठल्याही साधनात घालता येत नाही. अशा फाइलीवर जगातला सर्वांत उदार परवाना लावला तरी पुढच्या माणसाला पहिल्या अक्षरापासून टंकनच करावे लागते. म्हणून सामूहिक मार्गदर्शिकेच्या नियमांत परवान्याच्या शेजारीच दुसरी ओळ असावी: मूळ फाइल युनिकोडमध्ये, खुल्या स्वरूपात आणि सर्वांना उतरवून घेता येईल अशा जागी राहील. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने हे मागत नाहीत. ते आपल्यालाच ठरवून घ्यावे लागते.

फॉन्टचाही परवाना असतो, हे या ओघात सांगायला हवे. रेड हॅटने प्रसिद्ध केलेले लोहित फॉन्ट मराठीसह अनेक भारतीय भाषांसाठी लिनक्सवर वर्षानुवर्षे आधार होते. ते आधी जीपीएलवर होते आणि २०११ मध्ये ओपन फॉन्ट लायसन्सवर गेले. पीडीएफमध्ये फॉन्ट जडवला तर त्या दस्तऐवजावर फॉन्टच्या परवान्याचा परिणाम होतो का, अशी शंका या परवान्यात राहत नाही. परिणाम होत नाही, असे तो स्पष्टच सांगतो. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेला मुक्ता हा फॉन्टही याच परवान्याखाली आहे. मार्गदर्शिका मुक्त ठेवायची तर तिचे अक्षरही असेच निवडावे.

जीएफडीएलपासून दूर जाण्याचा सर्वांत मोठा प्रवास विकिपीडियाने केला, आणि त्यात मराठी विकिपीडियाही होता. १ मे २००३ ला सुरू झालेला मराठी विकिपीडिया पहिली सहा वर्षे जीएफडीएलखाली लिहिला गेला. क्रिएटिव्ह कॉमन्सचे पहिले परवाने डिसेंबर २००२ मधले, त्यामुळे २००१ मध्ये विकिपीडिया सुरू झाला तेव्हा हा पर्याय अस्तित्वातच नव्हता. पुढे जगभरचा मुक्त मजकूर बाय-एसए खाली वाढत गेला आणि विकिपीडियाला तो घेता येईना. हजारो अनोळखी लेखकांची संमती गोळा करणे तर अशक्यच होते. सुटका झाली ती परवाना देताना लिहिलेल्या 'किंवा यानंतरची कोणतीही आवृत्ती' या शब्दांमुळे. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने नोव्हेंबर २००८ मध्ये जीएफडीएल १.३ काढून विकींना १ ऑगस्ट २००९ पर्यंत बाय-एसए कडे जाण्याची मुभा दिली. एप्रिल-मे २००९ मध्ये मतदान झाले, सतरा हजारांवर लोकांनी मत दिले आणि तीन चतुर्थांशांनी होकार दिला. जूनमध्ये बदल झाला. त्यानंतर बाय-एसए ४.० वर यायला विकिमीडियाला जून २०२३ उजाडले.

ज्यांच्याकडे असे दार नव्हते त्यांना मोल द्यावे लागले. ओपनस्ट्रीटमॅप २०१२ मध्ये बाय-एसए २.० वरून ओपन डेटाबेस लायसन्सवर गेला, तेव्हा ज्यांनी नव्या अटी मान्य केल्या नाहीत किंवा ज्यांच्याशी संपर्कच झाला नाही, त्यांनी काढलेले रस्ते नकाशातून काढून टाकावे लागले. आपल्या शेजारी, गोव्यात, याच्या उलट घडले. गोवा विद्यापीठाने २०१३ मध्ये कोकणी विश्वकोशाचे चारही खंड बाय-एसए ३.० खाली खुले केले. हक्क एका संस्थेच्या हाती होते, म्हणून हे एका निर्णयात होऊ शकले. सामूहिक मार्गदर्शिकेला ही सोय नसते. तिचे मालक वीस-पंचवीस जण असतात. त्यांतला एक पुण्याला नोकरीला जातो, एकाचा नंबर बदलतो, एखादा हयात राहत नाही. परवाना पहिल्या दिवशीच ठरवा, हे मी म्हणतो ते यासाठी.

क्रिएटिव्ह कॉमन्समध्येही कोणता, हा प्रश्न उरतो. आपल्याकडे 'अव्यावसायिक' म्हणजे एनसी या कलमाचे आकर्षण मोठे आहे. आम्ही फुकट लिहायचे आणि दुसऱ्याने त्यावर पैसे कमवायचे, हे मनाला लागते, आणि ती भावना समजण्यासारखी आहे. पण माहितीचा यवतमाळमधला प्रवास पाहा. घाटंजीच्या बाजारात झेरॉक्सवाला पानाचे पैसे घेतो. सेतू केंद्राचा चालक छापील पान देतो आणि सेवेचे शुल्क घेतो. खेड्यातला संगणक क्लास फी घेतो. या तिघांशिवाय कागद गावात पोहोचतच नाही, आणि एनसी लावले की तिघेही संशयाच्या सावलीत येतात.

ही शंका काल्पनिक नाही, तिच्यावर खटला झाला आहे. अमेरिकेत ग्रेट माइंड्स या संस्थेने आपले शालेय गणिताचे साहित्य बाय-एनसी-एसए खाली दिले होते. शाळांनी फेडेक्सच्या दुकानांतून त्याच्या प्रती काढून घेतल्या, तेव्हा संस्थेने फेडेक्सवर दावा लावला. २०१८ मध्ये अपील न्यायालयाने निकाल फेडेक्सच्या बाजूने दिला: शाळा अव्यावसायिक कामासाठी प्रती काढून घेत आहे, दुकान केवळ तिचे काम करून देत आहे. मात्र याच तर्काने, दुकानदाराने कुणी न सांगता आपणहून गठ्ठा छापून काउंटरवर विकायला ठेवला तर तो या संरक्षणात बसेलच असे नाही. आपल्याकडे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसेसच्या प्रकरणात, ऑक्सफर्ड आणि केंब्रिजसारख्या प्रकाशकांच्या विरोधात, अभ्यासक्रमासाठीच्या झेरॉक्सला मोकळीक दिली. तिचा आधार शिक्षणाच्या ओघातल्या वापराचे कलम हा होता. बँकेच्या रांगेतल्या शेतकऱ्याला दिलेले पान त्या कलमात सहज बसणार नाही. एवढा कायदा झेरॉक्सवाल्याने डोक्यात ठेवावा, अशी अपेक्षा करणे त्याच्यावर आणि वाचकावर अन्याय आहे. डेबियन, फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन आणि विकिमीडिया यांपैकी कुणीही एनसी असलेला परवाना मुक्त मानत नाही, हेही लक्षात घ्यावे. असा मजकूर मराठी विकिपीडियावर किंवा विकिबुक्सवर नेता येत नाही.

'बदल नको' म्हणजे एनडी हे कलम तर मराठीच्या मुळावरच येते. भाषांतर हा बदलच आहे, आणि बदललेली प्रत वाटायला एनडी मनाई करते. या जिल्ह्यात मराठीच्या पुढेही भाषा आहेत. पुसद, दिग्रस, दारव्ह्याकडे बंजारा समाजाची गोरमाटी, केळापूर-मारेगाव-झरीकडे कोलामी आणि गोंडी. त्या भाषांत मार्गदर्शिका बहुधा लिहिलेली नसेल, बोललेली असेल, म्हणजे मोबाइलवरचे ध्वनिमुद्रण. तेही रूपांतरच. अक्षर मोठे करून, पायऱ्या तोडून, चित्रे घालून केलेली प्रतही पुष्कळदा रूपांतरातच जमा होईल. २०१७ च्या खरिपात फवारणी करताना विषबाधा होऊन याच जिल्ह्यात शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा डब्यावरच्या बारीक अक्षरांतल्या सूचना कुणाला वाचता येतात, हा प्रश्न राज्यभर विचारला गेला. वाचता न येणाऱ्या सूचनेची किंमत या जिल्ह्याने मोजली आहे. सूचना वाचकाच्या सोयीची करून देण्याचा हक्क कुणी काढून घेऊ नये, एवढी माझी आग्रहाची मागणी आहे.

उरतात बाय आणि बाय-एसए. हा खरा विचाराचा मुद्दा आहे, आणि इथे दुसरी बाजू कमकुवत नाही. नुसत्या बायमध्ये श्रेय दिले की झाले, पुढचा माणूस आपल्या पुस्तकाचे हक्क राखून ठेवू शकतो. सरकारी खात्याला किंवा एखाद्या प्रकाशकाला असा मजकूर घ्यायला अडचण वाटत नाही, आणि कुबरनेटीससारख्या प्रकल्पात आपले लिखाण परत पाठवायचे असेल तर बायच चालतो. तरीही मी बाय-एसए च्या बाजूने आहे. मराठीत तांत्रिक मजकूर लिहिणारे हात थोडे आहेत. त्यांनी लिहिलेले घेऊन कुणी सुधारून छापले आणि ती सुधारलेली प्रत बंद केली, तर पुन्हा तेच काम करायला मराठीकडे माणसे नाहीत. बाय-एसए त्याला छापायला आणि विकायला पूर्ण मोकळीक देतो, फक्त त्याची सुधारणाही त्याच अटींवर खुली ठेवायला लावतो. एनसी लावून जे साधायचे असते ते पुष्कळसे इथे साधते, आणि झेरॉक्सवाल्याला भीती उरत नाही.

मुक्त परवान्याने समूहाला घर सोडण्याचाही हक्क मिळतो, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. विकिट्रॅव्हल हे प्रवासाचे सामूहिक मार्गदर्शक एका कंपनीच्या मालकीच्या संकेतस्थळावर होते. लेखकांचे कंपनीशी जमेना, तेव्हा बाय-एसए मुळे ते सगळा मजकूर घेऊन बाहेर पडले आणि जानेवारी २०१३ मध्ये विकिव्हॉयेज विकिमीडियाखाली रीतसर सुरू झाला. संकेतस्थळ एकाचे आणि लिखाण सर्वांचे, अशी स्थिती आपल्याकडेही वारंवार येते.

कोडच्या उदाहरणांचा वेगळा विचार करावा लागतो. मार्गदर्शिकेतले कॅल्कचे सूत्र किंवा पायथनच्या दहा ओळी वाचक आपल्या प्रोग्रॅममध्ये उचलून घेणार, त्यासाठीच त्या दिलेल्या असतात. तिथे बाय-एसए लागू राहिला तर त्याच्या प्रोग्रॅमच्या परवान्याशी गुंता होतो. क्रिएटिव्ह कॉमन्स स्वतःच सांगते की आपले परवाने सॉफ्टवेअरसाठी वापरू नका. ऑक्टोबर २०१५ पासून बाय-एसए ४.० चा मजकूर जीपीएल ३ च्या कामात नेता येतो, पण उलट दिशेने येत नाही, आणि सॉफ्टवेअरच्या इतर परवान्यांना ही सोय नाही. मोझिलाच्या एमडीएन या वेब-विकासकांच्या संदर्भस्थळाने यावर चांगला तोडगा काढला: लेखन बाय-एसए २.५ खाली आणि २० ऑगस्ट २०१० पासूनची कोडची उदाहरणे सीसी झिरोखाली. सगळी मार्गदर्शिकाच सीसी झिरोवर का ठेवू नये, असेही कुणी विचारेल. ठेवता येईल. भारतीय कायद्याच्या कलम २१ मध्ये हक्क सोडण्याची वाट आहे, २०१२ पासून जाहीर सूचनेनेही. पण श्रेयाचा आणि विकृतीविरुद्धचा हक्क कलम ५७ प्रमाणे लेखकाकडे वेगळा राहतोच, आणि ज्यांनी वर्षानुवर्षे विनामूल्य लिहिले त्यांचे नाव टिकवण्याची हमी परवान्यातून काढून टाकण्यात मला फायदा दिसत नाही.

परवाना देण्याचा अधिकार आपल्याला आहे का, हे तपासणे राहिले. कलम १७ प्रमाणे नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराची पहिली मालक नोकरी देणारी संस्था असते, वेगळा करार नसेल तर. सरकारसाठी, सरकारच्या निर्देशाने लिहिलेले सरकारचे. तलाठ्याने कार्यालयासाठी केलेले टिपण किंवा शिक्षकाने प्रशिक्षणाच्या आदेशावरून लिहिलेली पुस्तिका समूहात घेण्यापूर्वी वरिष्ठांची लेखी संमती घ्यावी. विद्यार्थी नोकर नसतात, त्यांचे लिखाण साधारणपणे त्यांचेच. सरकारी माहितीपुस्तिका जशीच्या तशी उचलू नये. २०१७ चा केंद्राचा खुला परवाना शासकीय डेटासाठी आहे, प्रत्येक सरकारी पुस्तिकेला तो लागू होतो असे समजू नये. मात्र 'आधी हे बटण, मग ते' या पायऱ्या ही माहिती आहे, तिच्यावर कुणाचा कॉपीराइट नाही. ती आपल्या शब्दांत लिहायला कुणी अडवू शकत नाही. पडद्याच्या चित्रांबाबत जपावे. लिबरऑफिसचा पडदा टिपून घालायला अडचण नाही, पण बंद परवान्याच्या अ‍ॅपचा पडदा आपला नसतो आणि आपला बाय-एसए त्याला लागू होत नाही. तिथे हाताने काढलेली रेखाकृती वापरावी, किंवा चित्राखाली हक्क दुसऱ्याचे आहेत असे लिहावे.

आणि हे सगळे पहिल्या पानावर लिहून भागणार नाही, कारण पाने सुटी फिरतात. प्रत्येक पानाच्या तळाशी दोन ओळी हव्यात: 'मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स बाय-एसए ४.० आंतरराष्ट्रीय परवान्याखाली, कोडची उदाहरणे सीसी झिरो १.० खाली. लेखकांची यादी आणि दुरुस्त करता येणारी मूळ फाइल पुढील पत्त्यावर.' ४.० मध्ये श्रेय दुव्याने दिलेले चालते, त्यामुळे पंचवीस नावे प्रत्येक पानावर छापावी लागत नाहीत. त्या पत्त्यावर परवान्याचा दुवाही असावा. जिथून लोक भर पाठवतात तिथे, मग तो व्हॉट्सअ‍ॅप गट का असेना, वर चिकटवलेल्या संदेशात लिहावे की इथे दिलेली प्रत्येक भर देणारा याच अटींवर देत आहे, आणि नव्या सदस्याकडून त्याला लेखी होकार घ्यावा. त्या दोन ओळींच्या शेजारी अ‍ॅपची आवृत्ती आणि दुरुस्तीची तारीख घालावी. काय बदलले ते नोंदवणे बाय-एसए ला हवेच असते, आणि मागच्या हंगामाचे पान हातात घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याला ते पान जुने आहे हे त्या तारखेवरूनच कळते.